सहा माणसांचा पंखा

आमच्या फ्रिजवर एक पंखा ठेवलेला आहे. तीन पात्यांचा, स्टीलचा, चकचकीत. घरी पहिल्यांदा येणारा माणूस पाण्याचा ग्लास हातात घेतो, वर पाहतो आणि विचारतो, "हा कोण्या कूलरचा हो?" मूर्तिजापुरात हा प्रश्न साहजिक आहे. त्यात आमचं घर म्हणजे पुढे कूलरचं दुकान आणि मागे दोन खोल्या. पण तो पंखा कूलरचा नाही. तो शर्यतीच्या बोटीचा आहे. तो पाण्यात असायचा सोडून फ्रिजवर का आहे, हे सांगायचं तर माझ्या मुलीबद्दल सांगावं लागेल.

तिचं नाव प्रियदर्शनी. घरात दर्शू. वय सव्वीस, अंगानं काटकुळी, आवाज मात्र दुकानाच्या शटरसारखा. तो आवाज तिनं दुकानातच कमावला, कारण चालू कूलरशेजारी उभं राहून गिऱ्हाइकाशी बोलायचं तर दुसरा इलाज नसतो.

वऱ्हाडात मार्च ते जून कूलर हा घरातला सगळ्यात मोठा माणूस असतो. त्याच्यासमोर कोणी झोपायचं यावरून भांडणं होतात, पाहुण्याला मान द्यायचा तर त्याची खाट कूलरपुढे टाकतात. आणि हवा कमी लागायला लागली की आमच्याकडे एक घरगुती उपाय करतात. जाळी काढायची आणि पंख्याची पाती हातानं पिळून जास्त तिरपी करायची. हवा जोरात येते. सगळे खूश होतात. मोटरचं काय होतं ते नंतर कळतं.

दर्शू सातवीत असताना तिनं हा उपाय शेजारच्या माणिकबाईंच्या कूलरवर केला होता. तिचे बाबा, सुगत, दुकानात नव्हते. माणिकबाई दारात येऊन म्हणाल्या, "पोरी, वाराच लागत नाई वं, काई तरी कर." हिनं पाती चांगली पिळून दिली. दुपारभर माणिकबाईंच्या घरात कॅलेंडरं उडत होती. संध्याकाळी वास आला आणि मोटर गेली.

सुगत तिला रागावला नाही. त्यानं जळलेली मोटर आणली, दुकानातला एक चांगला कूलर सुरू केला आणि तिला डोळे मिटायला लावले. मग त्या चांगल्या कूलरच्या मोटरवर आधी साधा पंखा लावला, नंतर पिळलेल्या पात्यांचा. "ऐकून राहिली नं? ह्या पंख्यावर मोटर गाते. त्या पंख्यावर कण्हते. हवा पाहू नको. मोटरले झेपून राहिलं का ते पाह्य."

तेव्हापासून माणिकबाई तिला 'मोटरजाळी' म्हणतात. अजूनही म्हणतात.

दर्शूनं अकोल्याला आयटीआय केलं, मोटर मेकॅनिकचं. तिथेच तलावात पोहायला शिकली आणि मला सहा महिन्यांनी सांगितलं. मी काळजी करणारी बाई आहे. दुकानात शॉक बसू नये म्हणून मी या घरात सगळ्यांना रबरी चपला घालायला लावते. त्यामुळे ती तालुक्याच्या पूर-बचाव पथकात स्वयंसेवक झाली, तेव्हा माझी काय अवस्था झाली ते वेगळं सांगायला नको. आमच्या भागात पूर्णा आहे, काटेपूर्णा आहे, उमा आहे. उन्हाळ्यात या नद्या पाहिल्या तर कोणी घाबरणार नाही. पावसाळ्यात दोन-तीन वर्षांनी एखाद्या गावाला वेढा पडतोच.

पथकाकडे एक रबरी बोट होती. ती पथकाचा प्रमुख किशोर चालवायचा. किशोर शेतकरी घरातला, काळ्या जमिनीत राबणारा, मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. दर्शू काठावर दोर धरून उभी असायची. दोन पावसाळे तिनं दोर धरला.

गेल्या उन्हाळ्यात कोकणातल्या एका जलक्रीडा क्लबानं नवी बोट घेतली आणि जुनी आमच्या पथकाला दिली. लांबट, लाल, टोकदार नाकाची, फायबरची शर्यतीची बोट. मागे इंजिन लटकवलेलं, आणि मागेच बसून दांडा धरून चालवायची; दांड्याची मूठ पिळली की वेग वाढतो. सोबत पंख्यांची एक पेटी. किशोरला जुन्या बोटीचा हात होता, नवीचं इंजिन दर्शूला कळत होतं. म्हणून ठरलं की नवी बोट दर्शू चालवणार.

तालुक्याचे साहेब मात्र बोट पाहून विचारात पडले. "अहो, ही पळायची बोट आहे. माणसं वाहायची नव्हे," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी त्यांनी एक चाचणी ठरवली. पावसाळ्याआधी धरणावर बोटीत सहा माणसं बसवायची, या काठावरून त्या काठावर न्यायची, परत आणायची. इंजिन न अडखळता, आणि बोट पाण्यात न दबता वर उचलून धावली पाहिजे. जमलं तर बोट राहील. नाही तर परत जाईल. आणि बोट गेली, की दर्शू पुन्हा दोर धरून काठावर.

पहिल्या दिवशी आम्ही काटेपूर्णेच्या धरणावर गेलो. मे महिना. पाणी खूप आत गेलेलं, काठाच्या गाळाला भेगा पडलेल्या, आणि आम्ही तिघं टोप्या घालून भाजत उभे. दर्शूनं लाइफ जॅकेट चढवलं आणि एकटी बोटीत बसली. क्लबानं लावून दिलेला पंखाच इंजिनावर होता. हाच, जो आज फ्रिजवर आहे.

ती गेली, ते मला नीट दिसलंच नाही. एक लाल रेघ पाण्यावरून सरकली. बोटीचं निम्म्याहून जास्त अंग हवेत होतं, फक्त मागचा भाग पाण्याला शिवत होता. मी सुगतचा हात धरला होता, त्याच्या मनगटावर नखं उमटली. ती परत आली तेव्हा तिची टोपी उडून गेली होती.

"आई! पाहिलं का तू? पाहिलं का?"

"पाहिलं," मी म्हणाले. अर्ध्यातच मी डोळे मिटले होते, हे तिला सांगून काय उपयोग?

त्या दिवसापासून तिला त्या वेगाचं वेड लागलं. जेवताना बोलायची, भांडी घासताना बोलायची. तिच्या बोलण्यातूनच मला त्यातलं थोडं कळलं. बोटीच्या पंख्याला पिच असतो. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जितका आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात जितके इंच पुढे जाईल, तो त्याचा पिच. या पंख्याचा पिच एकोणीस. म्हणजे एका फेऱ्यात तो खूप पाणी मागे ढकलू पाहतो. बोट हलकी असेल तर इंजिनाला ते झेपतं. इंजिनानं पूर्ण जोर लावल्यावर मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे घ्यायला हवेत. त्याहून कमी झाले तर ते कण्हतं, जास्त झाले तर जीव तोडून धावतं. दोन्हीनं मरतं.

पुढच्या वेळी किशोरनं सहा माणसांच्या जागी ढेपेची सहा पोती आणली, जनावरांच्या खुराकाची. ती बोटीत समान अंतरावर ठेवली आणि दर्शू निघाली. निघाली म्हणजे, बोटीनं नाक आभाळाकडे केलं, मागचा भाग पाण्यात बुडवला आणि ती चिखलातल्या म्हशीसारखी पाणी ढकलत राहिली. फेरे दाखवणाऱ्या काट्यावर चार हजारसुद्धा दिसेनात.

"पंखा बदल ना वं," किशोर काठावरून ओरडला.

पेटीत आणखी दोन पंखे होते. एक पंधराचा, आणि एक छोट्या पिचचा अकराचा, जो वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता आणि ज्याच्याकडे कोणी पाहिलंही नव्हतं. दर्शूनं पंधराचा लावला. बोट थोडी कुरकुरली, मग नाक खाली आलं आणि पोत्यांसकट ती पाण्यावर उचलली गेली. काटा साडेपाच हजाराला जाऊन थांबला.

"झालं!" किशोरनं फेटा उडवावा तसा गमछा उडवला. "साहेबाले सांगा, उद्याच या म्हणा."

दर्शूही खूश होती. पंधराचा एकोणीसइतका पळत नव्हता, पण एकटी असली की तरीही पळतच होता.

मग किशोरच्याच डोक्यात आलं की खऱ्या माणसांना एकदा बसवून पाहू, जॅकेट कसं घालायचं तेही शिकवता येईल. आमच्या गल्लीतल्या बायका तयार झाल्या. सहल म्हणून डबे घेऊन आल्या. माणिकबाई तर एक भली मोठी पिशवीही घेऊन आल्या.

"ही पिशवी कायले?" दर्शूनं विचारलं.

"पूर आला त मी पिशवी सोडून येईन का?" माणिकबाई म्हणाल्या. "कागदं हायेत, चांदी हाय, औषध हाय. तू सोडून येशीन?"



मीही चढले, कारण सहावी बाई कमी पडली. पाय बोटीत ठेवताच ती हलली आणि मी सरळ मागे जाऊन दर्शूच्या शेजारी बसले. तिच्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरला. माझ्या पाठोपाठ माणिकबाई. मग बाकीच्या चौघी. बोटीचा पुढचा सगळा भाग मोकळा आणि आम्ही सहाजणी मागे, एकमेकींच्या मांडीवर.

"अवं पुढं सरका!" किशोर काठावरून ओरडला. "सगळा भार मागंच झाला नं बाप्पा!"

"तूच बस पुढं," माणिकबाई म्हणाल्या. "मी पोट्टीजवळच बसतो. बुडालो त तिलेच धरीन."

बोट निघाली. इंजिन कण्हायला लागलं. पंधराच्या पंख्यावर पोत्यांनी जे केलं नव्हतं ते आम्ही करत होतो. नाक वर, मागे लाटांचा डोंगर, आणि बोट काही केल्या उचलेना. दर्शूच्या सांगण्यावरून दोघी जणी कशाबशा पुढे सरकल्या. बोटीनं जरा वेग घेतला, पाण्याचा फवारा त्यांच्या तोंडावर आला, तशा त्या किंचाळत परत मागे. आमच्या मागे निघालेल्या लाटा काठाला लागल्या आणि एका मच्छीमाराची होडी उलटता उलटता वाचली. तो आम्हाला बरंच काही बोलला. ते लिहिण्यासारखं नाही.

 घरी परतताना जीपमध्ये एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी हसले. मागची बाकं रिकामी होती, आणि ड्रायव्हरशेजारी चौघीजणी दाटीनं बसल्या होत्या. आमच्याकडे काळीपिवळी जीप असो की ऑटो, माणूस आधी ड्रायव्हरजवळची जागा पाहतो. दर्शूनंही पाहिलं. पण ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात किशोर, सुगत आणि दर्शू डोकं धरून बसले होते.

"बसाच्या जागेवर आकडे रंगवू," किशोर म्हणाला. "एक नंबर पुढं, दोन नंबर पुढं."

"घरात पाणी शिरलेलं असताना कोण आकडे पाहते, दादा?"

"मग लोकायले आधीच शिकवू."

"माह्या मायले शिकवून पाह्य आधी."

मी आतून ऐकत होते. 

"मग पंधराच्या पंख्याची पाती जराशी पिळून देऊ?" किशोरनं अगदी मनापासून विचारलं. "आपल्या कूलरची करतो तशी?"

तेवढ्यात दारात माणिकबाई उभ्या. "पिळा, पिळा! मोटरजाळी आहेच घरात!"

सगळे हसले, दर्शूही. मग ती उठली आणि पेटीतला वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंखा काढून टेबलावर ठेवला. अकराचा. बाकी दोघांशेजारी तो ओशाळवाणा दिसत होता.

"हा लावला त सहाही जण मागं बसले तरी इंजिनाले झेपन," ती म्हणाली. "पण मग एकटी जाताना बोट पळनार नाई. पूर्ण दांडा दिला की फेरे सहा हजाराच्या वर जातीन. हात मागंच ठेवा लागन."

"मग नको ना," किशोर म्हणाला. "गावात लवकर पोचणं महत्त्वाचं नाई का?"

हाच तिचाही मुद्दा होता. पहिल्या दिवसापासून ती तेच म्हणत होती, आणि खोटं नव्हतं ते. सुगत तोवर एका मोटरला वाइंडिंग करत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "जातानी बोटीत कोण असते?"

"मीच."

"आन येतानी?"

दर्शूनं अकराचा पंखा उचलून हातात फिरवला. मग म्हणाली, "बाबा, त्या लाटा पाहिल्या तुमी? बोट उचलली नाई त तेवढ्या लाटा निघतात. गावात मातीच्या भिंती असतात. आधीच भिजलेल्या. मी माणसं घेऊन येईन, आन मागं भिंती पाडत येईन."

मग तिनं पाना घेतला.

त्यानंतरचं मी काठावरून पाहिलं. त्याच बायका, त्याच माणिकबाई, तीच पिशवी, पण या वेळी माझ्या जागी किशोर बसला. तोही मागेच बसला, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. इंजिनाचा आवाज आधी जड झाला, मग चढला, चढत गेला आणि एका जागी स्थिरावला. नाक खाली आलं. बोट पाण्यावर आली. फार वेगानं नाही, पण सपाट, हलकी, मागे लाट जेमतेम. माणिकबाईंचा आवाज काठापर्यंत आला, "अवं, गाडी निघाली नं!"

मग दर्शू एकटी गेली. दांडा पूर्ण पिळल्याबरोबर इंजिन किंचाळलं, आणि लगेच तिनं हात मागे घेतला. ती परत आली. या वेळी टोपी डोक्यावरच होती. तिनं काही न बोलता एकोणीसचा पंखा फडक्यात बांधला आणि घरी आल्यावर फ्रिजवर ठेवला. मी म्हटलं, "तिथं कशाला?" तर म्हणाली, "राहू दे आई. दिसला पाहिजे."

चाचणीच्या दिवशी साहेब आले. काठावर बरीच गर्दी होती. साहेबांनी पथकातली माणसं घ्यायला नकार दिला. "पुरात तुमची तयार माणसं मिळणार आहेत का?" असं म्हणून त्यांनी गर्दीतूनच सहा जण बोलावले. त्यांत धरणाजवळच्या वस्तीतले म्हातारे नत्थुजी होते, आणि नत्थुजींच्या हातात दोरी होती, आणि दोरीला बकरी.

"बकरी ठेवून या," साहेब म्हणाले.

"कोनापाशी ठेवू जी?" नत्थुजींनी विचारलं.

साहेबांनी दर्शूकडे पाहिलं. दर्शू म्हणाली, "येऊ द्या, साहेब. पुरात जनावरंही येतातच."

किशोर कुजबुजला, "निदान पुढं बसाले तरी सांग." तिनं एकदा सांगितलं. सहाही जण मागे जाऊन बसले. बकरी नत्थुजींच्या मांडीवर, तिचं तोंड दर्शूच्या खांद्यावर. बोटीचा मागचा भाग पार खाली गेला. मी पाण्याकडे पाहूच शकले नाही, म्हणून सुगतकडे पाहत राहिले. तो डोळे मिटून उभा होता.

इंजिन सुरू झालं. आवाज जड झाला. जड राहिला. मला वाटलं संपलं. मग तो हळूहळू चढायला लागला, आणि सुगतचे खांदे खाली आले.

"झेपला," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. बोट पलीकडच्या काठाकडे चालली होती, सपाट, सहा जणांचा आणि एका बकरीचा ढीग मागे घेऊन. पलीकडे ते सगळे उतरले, पाय मोकळे केले, पुन्हा चढले, पुन्हा मागेच बसले, आणि परत आले.

साहेबांनी नत्थुजींना विचारलं, "आजोबा, भीती वाटली का?"

"मले नाई जी. बकरीले वाटली." नत्थुजींनी आपली भिजलेली बंडी दाखवली. भिजली ती धरणाच्या पाण्यानं नव्हती.

साहेब हसू आवरत म्हणाले, "बोट ठेवा. आणि हिला चालवू द्या."

किशोरनं गमछा उडवला. माणिकबाईंनी डबा उघडला, जणू जेवणाची सुट्टी झाली. आणि तेवढ्यात नत्थुजी खाली पाहून म्हणाले, "माही एक चप्पल त्याच काठावर राहिली वाटते."

"आणतो बाबा," म्हणून दर्शू एकटीच पुन्हा बोटीत बसली.

मला पोहता येत नाही. पावसाळ्यात तिचा फोन लागला नाही की मी आजही दारात उभी राहते, आणि राहीन. पण त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून काठावर उभी होते. मोकळी बोट निघाली, इंजिनाचा आवाज वर, वर, आणखी वर गेला. मग तिनं हात मागे घेतला. आवाज खाली आला. आणि माझी मुलगी एका चपलेसाठी निवांत पलीकडे निघाली.